नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलमधून युनिव्हर्सिटीत जायला एवढी वर्षं का लागली?

तिसरं_वर्ष:
नमस्कार, मला क्लासमध्ये नर्सिंग शिक्षणाच्या इतिहासावर सेमिनार द्यायचाय. पुस्तकात क्रिमियन वॉर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, त्यांची १८६० ची नर्सिंग शाळा इथपर्यंत व्यवस्थित दिलंय आणि मग डायरेक्ट उडी मारून बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी. मधल्या काळात काय झालं? शाळा एवढ्या लवकर निघाल्या तर डिग्री यायला इतका उशीर का? "तेव्हा बायकांना शिकू देत नव्हते" एवढंच उत्तर मिळतं, ते मला अर्धवट वाटतं.

जुनी_ट्यूटर:
अर्धवटच आहे ते. मोठं कारण पैशाचं आहे आणि ते कोणी नीट सांगत नाही म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधली नाइटिंगेलची शाळा लोकवर्गणीतून जमलेल्या नाइटिंगेल फंडावर चालायची, म्हणजे शिक्षणासाठी वेगळा पैसा होता. पुढे तीच पद्धत सगळीकडे गेली, अमेरिकेत १८७३ मध्ये न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू, न्यू हेवन आणि बॉस्टन अशा तीन ठिकाणी शाळा निघाल्या, पण पद्धत गेली आणि फंड मागेच राहिला. मग हॉस्पिटलांच्या लक्षात आलं की शाळा काढली की वॉर्ड सांभाळायला जवळजवळ फुकटात मुली मिळतात. दिवसभर ड्युटी, लेक्चर झालंच तर संध्याकाळी, तेही वॉर्डात गर्दी असली की कॅन्सल. पास झालेल्या बहुतेक मुलींना त्याच हॉस्पिटलात नोकरी मिळायची नाही, त्या लोकांच्या घरी जाऊन प्रायव्हेट ड्युटी करायच्या आणि वॉर्डात नवीन बॅच यायची. अमेरिकेत अशा शाळा हजाराच्या वर गेल्या. आता सांग, कुठलं हॉस्पिटल या मुलींना युनिव्हर्सिटीत पाठवेल?

१९२३ चा गोल्डमार्क रिपोर्ट, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल, सेमिनारमध्ये घेच. शिक्षण आणि वॉर्डची गरज एकाच बजेटमध्ये असली की मार शिक्षणालाच बसतो, हे त्यात स्पष्ट आलं. त्याच वर्षी तिथल्याच येल युनिव्हर्सिटीत नर्सिंगचं स्वतंत्र स्कूल निघालं, स्वतःची डीन, स्वतःचं बजेट.

नाइट_शिफ्ट:
ताईंचं पटतंय पण एक बाजू राहतेय. पेशंटच्या बाजूला उभं राहूनच हात बसतो, ते त्या जुन्या ट्रेनिंगमध्ये भरपूर मिळायचं, त्यामुळे सगळंच वाईट होतं असं दाखवू नकोस प्लीज.

आणि रजिस्ट्रेशनचा भाग विसरू नकोस, प्रोफेशन म्हणून नर्सिंग उभं राहिलं ते त्यामुळे. इंग्लंडमध्ये एथेल बेडफोर्ड फेनविक नावाच्या नर्स-पुढारी म्हणत होत्या की ट्रेनिंगचा काळ ठरलेला हवा, परीक्षा हवी, सरकारी रजिस्टर हवं. आणि याला विरोध कोणाचा? खुद्द नाइटिंगेलचा! त्यांचं म्हणणं, चांगली नर्स तिच्या स्वभावावरून ठरते, तो परीक्षेत कसा मोजणार. हा वाद कितीतरी वर्षं चालला, न्यूझीलंडने १९०१ मध्येच रजिस्ट्रेशनचा कायदा करून टाकला आणि ब्रिटनमध्ये मात्र पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये झाला.

तिसरं_वर्ष:
नाइटिंगेलचा विरोध होता हे मला माहीतच नव्हतं!! दोघांनाही खूप थँक्स. मग युनिव्हर्सिटीत पहिलं पाऊल येलचंच का?

जुनी_ट्यूटर:
नाही, त्याआधी अ‍ॅडलेड नटिंग १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या टीचर्स कॉलेजात प्रोफेसर झाल्या, नर्सला हे पद मिळायची ती पहिलीच वेळ, आणि १९०९ मध्ये मिनेसोटा युनिव्हर्सिटीत स्कूल निघालं, पण तिथेही मुलींना वॉर्डात राबावं लागायचंच. म्हणून मी येल धरते. युरोपात तर एडिनबरा युनिव्हर्सिटीत नर्सिंगचा विभाग यायला १९५६ उजाडलं.

@नाइट_शिफ्ट, हात वॉर्डातच बसतो हे मान्य, पण शेजारी शिकवणारं कोणीतरी पाहिजे ना, त्या मुलींना बऱ्याचदा सीनियर विद्यार्थिनीच शिकवायच्या.

सेमिनारला वेळ कमी असेल तर नाइटिंगेलवर दोनच स्लाइड कर आणि उरलेला वेळ रजिस्ट्रेशनचा वाद आणि १९२३ ला दे. शेवटी १९६५ घे, लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडोमध्ये सुरू केलेला नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स, कारण नर्सने स्वतः तपासून निर्णय घ्यायचा हे तिथे रीतसर शिकवायला लागले.