मदत हवी आहे: नारिताहून टोकियोत जाताना जपान रेल पास सुरू करावा का?

नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी असे चौघे जपानला जाण्याचे ठरवत आहोत. एका नेमक्या बाबतीत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

बेत साधारण असा आहे. १० तारखेला दुपारी नारिता विमानतळावर उतरून टोकियोत मुक्काम करायचा, १३ ला सकाळी क्योतोला जायचे, तिथे असताना एक दिवस हिरोशिमा आणि मियाजिमा बेट पाहून रात्री क्योतोला परत यायचे, १७ ला टोकियोला परतायचे आणि १९ ला नारिताहूनच परतीचे विमान पकडायचे. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत, पण फार दिवस थांबताही येणार नाही.

या प्रवासासाठी सात दिवसांचा जपान रेल पास (जपान रेल समूहाच्या गाड्यांतून हवा तितका प्रवास करू देणारा पास) घ्यावा, असे जवळजवळ प्रत्येक जण सुचवतो. परिचयातील एका गृहस्थांचा सल्ला असा आहे की पास विमानतळावर उतरल्याबरोबर सुरू करावा, म्हणजे शहरात जाणाऱ्या नारिता एक्सप्रेसचे पैसेही त्यातच वसूल होतात. ऐकायला हे सोयीचे वाटते, परंतु कागदावर तारखा मांडल्या तर १० ला सुरू केलेला पास १६ ला संपतो आणि टोकियोला परतण्याचा महागडा प्रवास तर १७ ला आहे. मग विमानतळाच्या एका फेरीसाठी पासाचे तीन दिवस टोकियोत घालवणे शहाणपणाचे आहे का? पास विमानतळावर ताब्यात घेऊन तो पुढच्या तारखेपासून सुरू करता येतो का? आणि नारिताहून निघणारी स्कायलायनर ही गाडी या पासावर चालते का? हॉटेल बहुधा उएनो भागात असेल, म्हणून हे विशेष विचारत आहे. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. हा पास सलग कॅलेंडर दिवसांवर चालतो. चोवीस तासांचे घड्याळ त्यात नसते. दुपारी तीन वाजता पहिली गाडी पकडली, तरी तो संपूर्ण दिवस पहिला दिवस म्हणून मोजला जातो आणि मध्ये एकही गाडी न पकडलेले दिवससुद्धा त्या सातांतूनच वजा होतात. त्यामुळे पास कधी सुरू करायचा हे विमान केव्हा उतरते यावर ठरवू नये, लांबचे प्रवास कोणत्या सात दिवसांत बसतात यावर ठरवावे.

आकडे मांडून पाहू. सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. हिशेबासाठी तोच आकडा धरतो. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचे (म्हणजे बुलेट ट्रेनचे) राखीव आसनाचे एकेरी भाडे सुमारे १४,००० येन, क्योतो ते हिरोशिमा सुमारे ११,००० येन आणि नारिता एक्सप्रेसने टोकियो स्थानकापर्यंत सुमारे ३,००० येन. तुमचा संपूर्ण बेत सुट्या तिकिटांनी केला तर प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे सुमारे ५६,००० येन लागतात.

आता पास १० तारखेला सुरू केला असे समजा. विमानतळ ते शहर, क्योतोला जाणे आणि हिरोशिमाची जा-ये हे सारे त्यात बसेल, परंतु १७ चा परतीचा प्रवास आणि १९ ची विमानतळाची फेरी बाहेर राहील आणि त्यासाठी आणखी १७,००० येन द्यावे लागतील. एकूण खर्च ६७,००० येन, म्हणजे पास न घेण्यापेक्षा ११,००० येन जास्त. तीन हजार वाचवण्यासाठी चौदा हजारांचे तिकीट पासाबाहेर ढकलण्याचा हा प्रकार आहे. हाच पास १३ ला सुरू केला तर तो १९ पर्यंत चालतो; क्योतो, हिरोशिमा, परतीचा प्रवास आणि शेवटच्या दिवशीची नारिता एक्सप्रेस या सगळ्यांचा त्यात समावेश होतो आणि बाहेर फक्त १० तारखेचे तीन हजार उरतात. विमानतळाची फेरी पासात घ्यायचीच असेल, तर ती उतरतानाची न घेता निघतानाची घ्यावी, इतकाच त्याचा अर्थ.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. एक्सचेंज ऑर्डर (पास आगाऊ विकत घेतल्यावर मिळणारी पावती) देऊन पास ताब्यात घेताना, त्या दिवसापासून एक महिन्याच्या आतील कोणतीही तारीख आरंभ म्हणून सांगता येते. ती तारीख पासावर छापली गेली की पुढे बदलता येत नाही, म्हणून खिडकीपाशी उभे असतानाच ती नीट वाचून घ्यावी. एक्सचेंज ऑर्डर विकत घेतल्यापासून तीन महिन्यांच्या आत बदलून घेणेही बंधनकारक आहे.

स्कायलायनर या पासावर चालत नाही. ती केइसेई या खासगी कंपनीची गाडी असून जपान रेल समूहाशी तिचा संबंध नाही. नारिताच्या भूमिगत स्थानकांत दोन्ही कंपन्यांची प्रवेशद्वारे जवळजवळ असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो खरा. परंतु तुमचे हॉटेल उएनोला असेल, तर पासाचा विचार बाजूला ठेवून १० तारखेला स्कायलायनरनेच जावे असे मी सुचवेन. ती निप्पोरी आणि उएनो येथे थेट जाते, सुमारे चाळीस मिनिटे घेते आणि तिचे भाडे नारिता एक्सप्रेसपेक्षा थोडे कमीच आहे. नारिता एक्सप्रेसने तुम्ही टोकियो स्थानकावर उतरणार, तिथल्या खोल फलाटावरून सामानासह वर येणार आणि मग दुसरी गाडी पकडून उएनोला जाणार. पास आहे म्हणून वाकडी वाट धरण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी सहमत आहे, फक्त एक व्यावहारिक मुद्दा जोडतो. लांबच्या विमानप्रवासानंतर ज्येष्ठ व्यक्ती आणि लहान मूल बरोबर असताना विमानतळावरील जेआरच्या (जपान रेलच्या) कार्यालयात पासासाठी रांग लावू नये. एकाच वेळी दोन-तीन विमाने उतरली की ती रांग बरीच लांबते आणि पासाची गरज तर तुम्हाला १३ पर्यंत नाहीच. उएनो, टोकियो, शिंजुकु अशा मोठ्या स्थानकांवरही तो मिळतो, त्यामुळे ११ किंवा १२ तारखेला सवडीने घ्यावा आणि त्याच वेळी शिंकान्सेनची आसनेही राखून ठेवावीत. पासधारकाला आसन राखण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धाकडे क्योतोत मेपलची पाने लाल होऊ लागतात आणि गाड्यांना गर्दी असते, त्यामुळे हे काम आयत्या वेळेवर सोडू नये.

मात्र विमानतळावर एक गोष्ट विसरू नका. हा पास पारपत्रावर अल्पकालीन अभ्यागत असल्याची नोंद असणाऱ्यांनाच मिळतो. इमिग्रेशनमधून बाहेर पडण्यापूर्वी चौघांच्याही पारपत्रावर ती चिकटली आहे ना, हे पाहून घ्या. मुलीचा पास अर्ध्या किमतीत मिळेल, कारण सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे असते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तारखांचा घोळ आता पूर्ण उलगडला. दोन उपप्रश्न विचारते. नारिता एक्सप्रेसचे परदेशी प्रवाशांसाठी सवलतीचे जा-ये तिकीट असते असे वाचले, ते आमच्यासाठी पासापेक्षा बरे ठरेल का? आणि विमान नारिताऐवजी हानेदाला उतरणारे मिळाले, तर या हिशेबात काय बदलते?

प्रतिसाद १ देणारे पुन्हा

जा-ये तिकीट सुमारे ५,००० येनला मिळते, म्हणजे दोन सुट्या तिकिटांपेक्षा हजारभर येन कमी, आणि परतीचा प्रवास चौदा दिवसांच्या आत करावा लागतो. तुमच्या तारखा त्यात सहज बसतात. पासच घ्यायचा नसेल तर हे तिकीट चांगले आहे आणि तुमचा पासाविना खर्च ५५,००० येनवर येतो. १३ ला पास सुरू करण्याचा पर्याय ५३,००० चा होता. फरक दोन हजारांचा उरतो आणि तेवढ्यासाठी पासाच्या अटी स्वीकाराव्यात का, हे तुम्ही ठरवावे. त्या अटींतली मुख्य म्हणजे नोझोमी या सर्वांत वेगवान गाडीची. पासावर ती आता वापरता येते, पण टोकियो ते क्योतो प्रवासासाठी सुमारे पाच हजार येन अधिभार द्यावा लागतो. तो टाळायचा तर हिकारी गाडीने जावे, जी साधारण पंचवीस मिनिटे जास्त घेते. सुट्या तिकिटाला हे बंधन नाही. २०२३ पूर्वी अशा बेताला पास डोळे मिटून घ्यावा असे होते, आता तसे राहिलेले नाही. जुने प्रवासवर्णन वाचून सल्ला देणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, असा माझा अनुभव आहे.

हानेदाचे उत्तर सोपे आहे. तिथून हामामात्सुचोपर्यंत जाणारी टोकियो मोनोरेल पासावर चालते, केइक्यु कंपनीची रेल्वे चालत नाही. परंतु दोन्हींचे भाडे काही शे येनच आहे, त्यामुळे हानेदाहून शहरात जाण्यासाठी पासाचा एक दिवस खर्च करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सुईका हे आगाऊ पैसे भरून वापरायचे प्रवास कार्ड घ्यावे आणि जे जवळ पडेल त्याने जावे.

प्रतिसाद ३

विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत, या तुमच्या वाक्याकडे सर्वांचे दुर्लक्ष झालेले दिसते. मला तीच सगळ्यात महत्त्वाची बाब वाटते. क्योतोहून टोकियोला परतण्याचे तुमचे कारण केवळ परतीचे विमान हेच असेल, तर नारिताला उतरून ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून परत निघावे. विमानाच्या भाड्यात फार तफावत नसेल, तर रेल्वेचा सारा हिशेबच पालटतो.

क्योतोहून कानसाई विमानतळाला हारुका ही थेट एक्सप्रेस जाते आणि साधारण सव्वा तासात पोहोचवते. जेआर वेस्ट या जपान रेलच्या पश्चिम विभागातील कंपनीचा कानसाई-हिरोशिमा विभागीय पास पाच सलग दिवसांचा असून तो सुमारे १७,००० येनला मिळतो, आणि त्यात हिरोशिमापर्यंतची सान्यो शिंकान्सेन, मियाजिमाला जाणारी जेआरची बोट आणि हारुका हे तिन्ही येतात. बोटीवर १०० येन अभ्यागत कर मात्र वेगळा द्यावा लागतो. १५ ते १९ असा पास घेतला, १६ च्या आसपास हिरोशिमा केले आणि १९ ला हारुकाने विमानतळ गाठला, की झाले. नारिताहून शहरात सुमारे ३,०००, टोकियो ते क्योतो एकेरी १४,००० आणि हा पास १७,००० असे एकूण ३४,००० येन होतात. राष्ट्रीय पासाच्या ५३,००० समोर हा आकडा ठेवून पाहा.

यात एक खोच आहे, ती आधीच सांगतो. क्योतो ते शिन-ओसाका (ओसाकाचे शिंकान्सेन स्थानक) हा शिंकान्सेनचा टप्पा जेआर सेंट्रल या वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे विभागीय पास तिथे चालत नाही. हिरोशिमाला जाताना क्योतोहून शिन-ओसाकापर्यंत साध्या मार्गावरची जलद गाडी घ्यायची, तिला साधारण पंचवीस मिनिटे लागतात, आणि शिंकान्सेन तिथून पकडायची. मोबदल्यात शिन-ओसाकाच्या पुढे नोझोमीसुद्धा अधिभाराशिवाय वापरता येते, जे राष्ट्रीय पासावर होत नाही. सासूबाईंना गाडी बदलणे जड जाणार असेल, तर मात्र या टप्प्याचा आधी विचार करावा.

कानसाई विमानतळावर नानकाई कंपनीचीही गाडी येते, पण ती नांबा भागाकडे जाते आणि जेआरच्या कोणत्याही पासावर चालत नाही. क्योतोहून येणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

धागाकर्ती

टोकियोला परतण्याचे कारण खरोखर केवळ विमान हेच होते. शेवटचे दोन दिवस खरेदीसाठी म्हणून ठेवले होते आणि ती ओसाकातही होईल. कानसाईहून परतीच्या तिकिटाची चौकशी केली असता चौघांचा मिळून फरक रेल्वेत वाचणाऱ्या रकमेपेक्षा बराच कमी निघाला, त्यामुळे तोच बेत पक्का करत आहोत. आता शेवटची शंका सामानाची आहे. आमच्याकडे दोन मोठ्या बॅगा असतील. त्या शिंकान्सेनमध्ये चालतात का, की त्यासाठीही वेगळे आरक्षण लागते?

प्रतिसाद २ देणारे पुन्हा

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरपर्यंत असेल तर काहीच करावे लागत नाही. त्याहून मोठी आणि २५० पर्यंतची असेल, तर तोकाइदो (टोकियो ते शिन-ओसाका) आणि सान्यो (शिन-ओसाकाहून हिरोशिमाकडे) या शिंकान्सेन मार्गांवर डब्यातील शेवटच्या ओळीमागे सामान ठेवता येईल असे आसन आधी राखावे लागते. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, मात्र आरक्षण न करता मोठी बॅग आणली तर १,००० येन आकारले जातात. विमानात चालणाऱ्या मोठ्या बॅगा बहुधा १६० च्या आत येतात, तरी चाके आणि दांड्याची मूठ धरून मोजून पाहा.

माझे मत विचाराल, तर १२ तारखेला उएनोच्या हॉटेलमधूनच दोन्ही बॅगा कुरिअरने क्योतोच्या हॉटेलवर पाठवून द्याव्यात. ही सेवा हॉटेलच्या स्वागतकक्षात मिळते आणि सामान सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका रात्रीचे कपडे, सासूबाईंची औषधे आणि पारपत्रे मात्र स्वतःजवळच ठेवावीत. १९ ला हारुकाने जाताना बॅगा बरोबर घ्याव्या लागतील. त्या गाडीत डब्याच्या टोकाला सामानाची जागा असते. विभागीय पासावर आसने मोजक्याच वेळा राखता येतात, त्यातले एक आरक्षण त्या दिवसासाठी शिल्लक ठेवा.