पुढच्या साथीची खबर आधी कोण देणार: सांडपाणी की आशाताई?

कोथरूडकर_७२
२०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत आयसर ही विज्ञानसंस्था आणि पुणे विद्यापीठाने १,६६४ जणांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्के लोकांत करोनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे या प्रभागांत निम्म्या लोकांना तो होऊनही गेला होता, आणि आपण रोज संध्याकाळी रुग्णसंख्येचा आकडा बघून किती घाबरायचं ते ठरवत होतो!
म्हणून माझं मत सरळ आहे: घरोघर आशाताईंना धाडण्यावरचा पैसा सांडपाणी तपासणीत घाला. विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, लक्षणं नसली तरी. मैलाशुद्धीकरण केंद्रावर नमुना घ्या, आरटीपीसीआर करा, लाट चढतेय का ते कळतं. मुंबईत पोलिओसाठी हे २००१ पासून चालू आहे. दारात कुणी आलं की लोक "ॲलर्जी आहे हो" म्हणून कटवतात. गटाराला तसं कटवता येत नाही.

धायरीची_वर्षा
तुमचं सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतं, म्हणून तुम्हाला हे सुचतं. आमच्याकडे २०१७ मध्ये गाव पालिकेत गेलं, ड्रेनेज अजून सगळीकडे गेलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले ते कुणाच्या लक्षात आलं? वॉर्डात हातापायांतलं बळ गेलेले रुग्ण एकापाठोपाठ येताना बघणाऱ्या डॉक्टरांच्या. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला तो त्यानंतर. आणि मग घरोघर फिरून जुलाब कुणाला झाले, पाणी कुठलं पिता, हे विचारलं ते आरोग्य कर्मचाऱ्यांनीच.

लॅबवाला_पाषाण
सांडपाण्याच्या बाजूचा माणूस म्हणून दोन गोष्टी सांगतो. पावसाळ्यात नाल्याचं पाणी मिसळून नमुना इतका पातळ होतो की आकडा पडला तो रोग कमी झाल्याने की पावसाने, हे वेगळं काढावं लागतं. आणि बाणेर-वाकडकडच्या मोठ्या सोसायट्यांत स्वतःचे एसटीपी, म्हणजे छोटी मैलाशुद्धीकरण केंद्रं, आहेत, ते पाणी बागेत आणि फ्लशला फिरतं. म्हणजे कोथरूडकर, तुमच्या नकाशात सुखवस्तू लोकच गायब!
पण वर्षाताई, जीबीएसचं उदाहरण इथे पुरतं लागू होत नाही. तो दूषित पाण्याचा प्रश्न होता. श्वसनाच्या विषाणूत लक्षणं नसलेले लोकही साथ पसरवतात, ते कुठल्याच डॉक्टरकडे जात नाहीत. तिथे सांडपाणी लागणारच.

कोथरूडकर_७२
अडचणी आहेत, मान्य. सोसायट्यांच्या एसटीपीवर नमुना घेणं सक्तीचं करा, झालं.

सिस्टर_स
चर्चा छान चाललीय, फक्त त्यात आम्ही कुठे आहोत ते दिसत नाही. २०२० मध्ये मी एका मोठ्या रुग्णालयात कोविड वॉर्डात होते. आमची तपासणी व्हायची ती लक्षणं दिसली की. तोवर ड्यूटी, एकत्र डबा खाणं, घरी पोरं. एकीला ताप आला की पाळीतल्या सगळ्या जणी संशयित, आणि वॉर्डात माणूस नाही. दर आठवड्याला आमचीच तपासणी केली असती तर रुग्णालयात काय चाललंय ते वेगळं शोधायला लागलं नसतं. साथीत विषाणूच्या सगळ्यात जवळ आम्ही, पण आमच्यावर लक्ष ठेवण्याचं कलम कुठल्याच आराखड्यात शेवटी येतं.

पेठेतला_डॉक्टर
सिस्टरांचा मुद्दा सगळ्यात कामाचा. जोडीला माझा: साथरोग सर्वेक्षणात कर्मचाऱ्यांचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी, प्रयोगशाळेचा एल. पी फॉर्म किती खाजगी दवाखाने भरतात? ओपीडीत रांग असताना मी स्वतः कंटाळा करतो. आपल्या गावात लोक आधी खाजगीतच जातात, त्यामुळे पहिली खबर तिथेच अडते.
आणि दार लावण्याबद्दल: १८९७ च्या प्लेगात सोल्जर घरात घुसायचे तेव्हा लोकांनी रोगी लपवले. भीती वाटली की लोक लपवतातच. ओळखीची बाई आली तर निदान उंबऱ्यावर उभी राहू देतात.

धायरीची_वर्षा
तीच ओळखीची बाई, म्हणजे आशाताई, जून २०२१ मध्ये संपावर गेली होती, मोबदल्यासाठी. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन फिरवलं, वर मानधन नव्हे, 'मोबदला'. कोथरूडकर, तुम्ही तिचाच पैसा गटारात घालायला निघालात.

कोथरूडकर_७२
शब्दांचे खेळ नकोत. ज्या वस्तीत विषाणू नाहीच तिथे तिला उन्हात का फिरवायचं? सांडपाण्याने सांगावं कुठल्या प्रभागात जायचं, मग तिने जावं.

लॅबवाला_पाषाण
हे चालेल, पण निकाल यायला दोन-तीन दिवस, आणि तो आज जातो फाईलमध्ये. प्रभागाच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन कुणी करायचा, हे आधी ठरवा.

सिस्टर_स
आणि फोन उचलणारीची तपासणी कधी, तेही.