अधीनता दोघांची

'स्त्रियांनी पतीच्या अधीन असावे' या बायबलमधल्या इफिसकरांस पत्र 5:22 च्या आधारे घरातला शेवटचा शब्द पतीचाच, असं या चर्चेत एकाने लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. त्याआधीचंच 21वं वचन एकमेकांच्या अधीन असायला सांगतं, आणि 25वं पतीकडून ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, केलं तसं, स्वतःला देऊन टाकणारं प्रेम मागतं. पण पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 3:7 हे वचन अजून इथे कोणीच काढलेलं नाही. पत्नी ही जीवनाच्या कृपेची जोडीची वारस आहे, तिला मान द्या, नाहीतर तुमच्याच प्रार्थनांत व्यत्यय येईल, असं तिथे पतींना बजावलंय. केवढी गंभीर गोष्ट आहे ही!

आम्ही ऐरोलीत राहतो. बायको ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून दमून येते, म्हणून कुकर लावणं, डब्याची भाजी चिरणं मी आणि मुलगा उरकतो आणि मग तिघं प्रार्थनेला बसतो. मोठा खर्च असला तर त्यावर दोघांनी प्रार्थना करायची, एकमत होईपर्यंत थांबायचं. गाडी घ्यायची मला फार इच्छा होती, तिला कर्ज नको होतं. गाडी घेतली नाही.