सेमीपर्यंत पोरांचे पाय उचलत नाहीत, काय करू? (अर्जंट)

कोपरारक्षक:
आमच्या मंडळाची कबड्डीची टीम आहे, सकाळी साखळीच्या दोन मॅच आरामात मारतात, दुपारी क्वार्टर कशीबशी निघते आणि रात्री सेमीला उभे राहिले की संपलं. रेडर मध्यरेषेपासून चार पावलं जाऊन परत येतो, कॉर्नरला पकड करणाऱ्याच्या हातातून घोटा सुटतो, मागच्या वेळी तर पोटऱ्यांत गोळे येऊन दोघं मैदानातच बसले. ग्लुकोज देतोय, केळी देतोय. स्टॅमिनासाठी काय करू ते लवकर सांगा, रविवारी परत स्पर्धा आहे.

माजी चढाईपटू:
आज बुधवार, चार दिवसांत कसला स्टॅमिना वाढतोय. आम्ही पहाटे ५ ला वाळूत पळायचो, दिवसाला चार-चार मॅच खेळून सायकलने घरी. आताची पोरं मोबाईलवर जागतात.

भटक्या:
वय किती? कुठला गट? माती का मॅट? काहीच लिहिलं नाहीये.

फिजिओताई:
काका, त्यांनी वाळूचं विचारलेलं नाही. कोपरारक्षक, दोन मॅचच्या मध्ये पोरं काय खातात? लघवी किती वेळा, रंग कसा?

कोपरारक्षक:
किशोर गट, माती, १५-५-१५ (पंधरा मिनिटं खेळ, पाच विश्रांती, परत पंधरा). जेवण आयोजकांचं, मसालेभात, मिळेल तेव्हा. एकदा अडीचला हातात ताट आणि तीनला पुकारा. लघवीचा रंग कोण बघतं ताई.

आंबीलवाला:
नाचणीची आंबील. ताक, मीठ, जिरं. बाकी सगळं थोतांड.

पेणकर:
खरा दोष आयोजकांचा. सेमी ७ ची लिहितात आणि साडेनऊपर्यंत सत्कार चालतात, शाल श्रीफळ शाल श्रीफळ, तोवर घामाने भिजलेली पोरं गार पडून आखडतात.

भटक्या:
किशोर म्हणजे ५५ किलोचा काटा ना? सगळे बसतात त्यात?

कोपरारक्षक:
तिघं ५६-५७ ला आहेत. शनिवारी दुपारपासून खाणं-पाणी बंद, रात्री रेनकोट घालून पळवतो, सकाळी वजन झालं की पोटभर खातात. ते काय, सगळेच करतात.

फिजिओताई:
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! स्टॅमिना कमी नाही, पोरं रिकामी टाकी घेऊन मैदानात उतरतायत. १६-१८ तास पाणी तोडलेलं शरीर तासाभरात भरून निघत नाही, उलट काट्यावरून उतरल्या उतरल्या पोटभर हाणलं की पहिल्या मॅचला जड वाटणार. आणि रेनकोट आजच्या आज बंद करा. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच घाम गाळून वजन उतरवताना महिनाभरात गेले, त्यानंतर तिकडचे नियम बदलले. तुमची तर पंधरा वर्षांची पोरं आहेत.

माजी चढाईपटू:
वजन मारल्याशिवाय खेळ होतो का? विनेश फोगाटने पण मारलंच ना.

भटक्या:
काका, तेच तर. २०२४ ला पॅरिसमध्ये एका दिवसात तीन कुस्त्या जिंकली, मध्ये खाणंपिणं झालं, दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून फायनलच गेली.

पेणकर:
त्यात तिची काय चूक, सपोर्ट स्टाफ काय झोपला होता?

फिजिओताई:
तो विषय दुसऱ्या धाग्यावर. कोपरारक्षक, ओआरएस देता का?

कोपरारक्षक:
देतो, एक पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत, ताकद येते म्हणून.

फिजिओताई:
पुडी लिटरभर पाण्याची आहे! घट्ट केलं की पोट बिघडतं. बरोबर करून घोट घोट पाजा. दीड-दोन तास असतील तर वरणभात नाहीतर दहीभात, घरून डब्यात न्या, पुकारा जवळ असेल तर केळं आणि चिक्की बस. मसालेभात नको.

भटक्या:
बाराच्या बारा खेळवता का? का तेच सात?

कोपरारक्षक:
तेच सात. बाकीचे लहान आहेत, सगळे बाद होऊन लोण पडायची भीती.

भटक्या:
सकाळी १५ गुणांनी पुढे असताना पण?

कोपरारक्षक:
...हो.

गुडघेदुखी:
कुणी चांगल्या नी-कॅप सांगेल का, ५०० च्या आत?

कोपरारक्षक:
ताई, आत्ता सरावाला तिघांना विचारलं. मेन रेडर म्हणतो सर, मी शनिवारी रात्री चूळ भरायच्या नावाखाली दोन घोट प्यायचो, तुम्हाला सांगितलं नाही. पन्नास ग्रॅमसाठी मागे मी त्याला ओरडलो होतो. या रविवारी दोघांना नेत नाही, तिसऱ्याला वरच्या गटात विचारतो.

माजी चढाईपटू:
म्हणजे सेमी सोडलीच.