एलईडी पारवर हळू फेड करताना ठेचका बसतो, चेहरेही निळसर दिसतात. काय करावं?

नाट्यवेडी_नाशिक:
मंडळी, हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रासाठी दोन अंकी नाटक बसतंय. हॉलचे हॅलोजन आहेतच, शिवाय भाड्याने ८ एलईडी पार (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे) घेणार आहोत, ५४ बाय ३ वॅटवाले, म्हणजे ३ वॅटचे ५४ दाणे. तालमीत ते लावून पाहिले तर दोन अडचणी आल्या. पहिल्या अंकाच्या शेवटी ३० सेकंदांचा फेड आऊट (उजेड हळूहळू विझवणं) आहे, त्यात उजेड शेवटी पायऱ्या उतरल्यासारखा ठेचकाळत जातो. आणि चेहरे मेणाचे दिसतात. लाइटवाला म्हणतो, हॉलच्या डिमरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) सॉकेटलाच पार लावू, फेडर (त्याचा सरकता खटका) फुल ठेवला की झालं. चालेल का?

विंगेतला:
डिमरला अजिबात नको! फेडर फुल असला तरी ट्रायॅक डिमरमधून (तो विजेची लाट कापून उजेड कमी करतो) स्वच्छ साइन वेव्ह, म्हणजे अखंड लाट, मिळेलच असं नाही, आणि चालू प्रयोगात कुणाचा हात लागून फेडर अर्ध्यावर आला तर कापलेल्या वेव्हवर पारचा पॉवर सप्लाय लुकलुकतो, गरम होतो, जळूही शकतो. थेट सप्लायचा १६ अँपिअरचा सॉकेट मागून घ्या. आठ पार कागदावर १३०० वॅटच्या आत, म्हणजे साधारण ६ अँपिअर. पण सगळे एकदम चालू केले तर क्षणभर करंट उसळतो आणि एमसीबी पडू शकतो. चार-चार करून चालू करा.

फेडचं गणित असं. साध्या मोडमध्ये एका चॅनेलला (पारच्या एका रंगाच्या किंवा उजेडाच्या नियंत्रणाला) ० ते २५५ इतक्याच पायऱ्या. ३० सेकंदांत सेकंदाला आठ-नऊ. वरच्या बाजूला २०० वरून १९९ झालेलं कुणाला कळत नाही, पण खाली २ वरून १ म्हणजे उजेड सरळ निम्मा. तोच तुमचा ठेचका. हॅलोजनची तार निवायला वेळ घेते, म्हणून तिथे तो झाकला जातो.

आधी पारच्या मेनूत डिमर कर्व्ह किंवा डिमर स्पीड (उजेड किती संथ बदलावा याचं सेटिंग) आहे का बघा, असेल तर सगळ्यांत हळू ठेवा. आठही पारवर सेटिंग एकच हवं, नाहीतर एक पार आधी विझेल.

तिसरी_घंटा:
यात भर घालतो. त्या प्रवेशात पार किती टक्क्यांवर आहेत? २० टक्क्यांवर असतील तर तुमच्या हातात ५१ पायऱ्याच उरतात. पुढे न्यूट्रल डेन्सिटीचा जिलेटिन (रंग न बदलता उजेड कमी करणारा फिल्टर) लावा आणि पार ८० टक्क्यांवर चालवा, उजेड तेवढाच राहून पायऱ्या २०४ होतात. शिवाय एलईडी २२ व्या सेकंदाला शून्यावर आणा आणि शेवटचे ८ सेकंद एक-दोन हॅलोजनवर सोडा. प्रेक्षकांना शेवट हॅलोजनचाच दिसतो.

चेहऱ्यांचं म्हणाल तर आरजीबीत (लाल, हिरवा, निळा मिसळून केलेल्या उजेडात) लाल आणि हिरव्याच्या मधला पिवळा-केशरी पट्टा फार क्षीण असतो, आणि आपल्या त्वचेची ऊब तिथेच आहे. केशरी शालू, हळदीचा रंगही त्यामुळे मरतो. या पारमधला पांढरा बहुतेक वेळा ६००० केल्विनच्या पुढचा (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर), म्हणून निळसर. माझं स्पष्ट मत: चेहऱ्यावर हॅलोजन फ्रेस्नेल (मऊ कडेचा झोत देणारा दिवा), एलईडी मागून आणि सायक्लोरामावर (मागच्या मोठ्या पडद्यावर).

पंचवटीकर:
इतकं सरसकट नको हो. ३२०० केल्विनचे, ९० च्या पुढे सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) असलेले वॉर्म व्हाइट सीओबी (एकाच मोठ्या दाण्याचे) पार समोरून उत्तम चालतात. ५४ बाय ३ च समोर लावायची वेळ आली तर फक्त पांढरा चॅनेल चालू ठेवून फुल सीटीओ (पांढऱ्याला ऊबदार करणारा केशरी जिलेटिन) लावा. उजेड निम्म्याच्या आसपास घटतो, पण चेहरा माणसाचा दिसतो. वर फ्रॉस्टही (उजेड पसरवणारा धूसर जिलेटिन) हवाच. लाल, हिरवे, निळे दाणे वेगवेगळ्या जागी असल्याने रंग मिसळले की हाताच्या सावलीला इंद्रधनुष्यी कडा येतात.

नाट्यवेडी_नाशिक:
खूप मदत झाली. अजून एक. मधेच दोन पार आपोआप रंग बदलायला लागतात. वायर माइकचीच वापरलीय, ते कारण असेल?

विंगेतला:
बहुधा तेच. ताई, डीएमएक्सला (बोर्डावरून पारना आदेश नेणाऱ्या सिग्नलला) ११०-१२० ओहमची केबल लागते, माइकच्या केबलवर सिग्नल उलटून परत येतो. शेवटच्या पारच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा: एक्सएलआरच्या (माइकसारख्या जोडाच्या) पिन २ आणि ३ मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. मधे वाय जोड (एका वायरीचे दोन फाटे) नको, एकातून दुसऱ्यात अशीच साखळी. आठ चॅनेल मोडमध्ये पारचे पत्ते (त्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक) १, ९, १७, २५ असे शेवटी ५७ पर्यंत. हॅलोजनच्या वायरींबरोबर ही केबल बांधू नका. मेनूत सिग्नल गेल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे ‘होल्ड’ निवडा. ‘ऑटो’ राहिलं की गंभीर प्रवेशात वरात निघते.

पंचवटीकर:
आणि पार ठरवण्याआधी पंख्याचा आवाज ऐका. स्वस्त पारचा पंखा तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येतो. शांत प्रवेश असेल तर असले पार पुढच्या बारवरून (दिवे टांगायच्या दांडीवरून) हलवून मागे टाका.