ग्रॅहॅमची उमेदवारी टॉम्पियनकडे झाली नव्हती

वर एकांनी लिहिलंय की लंडनचा घड्याळजी जॉर्ज ग्रॅहॅम हा तिथल्याच नामांकित घड्याळजी थॉमस टॉम्पियनचा शिकाऊ, उस्तादाने सात वर्षं घडवला म्हणूनच एवढा मोठा झाला. टॉम्पियनच्या वर्कशॉपचं महत्त्व मान्यच आहे, पण ग्रॅहॅमची उमेदवारी, म्हणजे शिकाऊ म्हणून घालवलेली वर्षं, तिथे झालीच नाही. १६८८ मध्ये तो लंडनला हेन्री अ‍ॅस्क नावाच्या घड्याळजीकडे लागला, सात वर्षं भरून १६९५ ला क्लॉकमेकर्स कंपनीचा, म्हणजे घड्याळजींच्या संघाचा, सभासद झाला आणि मग टॉम्पियनकडे आला तो तयार कारागीर म्हणून. पुढे मालकाच्या पुतणीशी लग्न, मग भागीदारी आणि १७१३ ला टॉम्पियन वारल्यावर सगळा धंदा त्याच्याकडे. अ‍ॅस्कचं नाव कुणी घेतच नाही याचं मला फार वाईट वाटतं, कानस धरायला शिकवलं ते त्यानेच ना!

आणि एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाहीये. टॉम्पियन आपल्या घड्याळांवर नंबर टाकायचा, टेबलावरच्या घड्याळात तो मागच्या पितळी प्लेटवर खालच्या कडेला ठोकलेला दिसतो. ग्रॅहॅमने मालक गेल्यावर परत एकपासून सुरुवात केली नाही, तेच आकडे पुढे चालवले, नाव बदललं तरी मोजणी एकच. मला तर हा त्या काळातला सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो की वर्कशॉप हे एका माणसाचं नसायचं. ग्रॅहॅमकडे खरी उमेदवारी केली ती थॉमस मज्जने, १७३० पासून, आणि लिव्हर एस्केपमेंट (चाकांना एका तरफेने ठरावीक ठेक्यात एकेक दाता पुढे सोडणारी रचना) त्याचीच, जी सुधारून आजही चावीच्या मनगटी घड्याळांत चालते.