मालिश नको, आधी डॉक्टर : फोंड्यातल्या आमच्या सोसायटी ग्रुपवर पायाच्या शिरांची चर्चा

बी-२०३ वहिनी: नमस्कार, फोंड्यात मालिश करणारी चांगली बाई कोणाला माहीत आहे का? आई परवा मुंबईहून रात्रीच्या बसने आली चवथीसाठी, कालपासून डावी पोटरी सुजलीये आणि दुखतेय, बसून बसून आखडली असणार

ए-१०१ काकू: एक यायची आमच्याकडे, विचारून सांगते. तोवर खोबरेल कोमट करून चोळ गो

सी-४०१ सिस्टरताई: चोळू नका!! वहिनी थांबा. एकच पाय सुजलाय की दोन्ही? हाताला गरम लागतो? दम लागतोय का, छातीत दुखतंय का?

बी-२०३ वहिनी: एकच ताई. गरम आहे, थोडा लालसर पण. दम वगैरे नाही

सी-४०१ सिस्टरताई: मग आजच दाखवा, आत्ता निघा, चवथीचं सामान नंतर बघू. लांबचा प्रवास आणि मग एकाच पायाला सूज म्हणजे खोल शिरेत गुठळी झाली असू शकते, डीव्हीटी म्हणतात. असेलच असं नाही पण डॉपलर सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. चोळलं आणि गुठळीचा तुकडा सुटला तर तो फुप्फुसात जाऊन अडकतो, त्यात माणूस जाऊ शकतो. वाटेत दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली तर १०८ लावा

बी-२०३ वहिनी: निघालो

बी-३०४ दादा: ताई नुसतं बसमध्ये बसून गुठळी कशी होते? रक्त तर फिरतच असतं ना

सी-४०१ सिस्टरताई: फिरतं, पण सगळीकडे सारखं नाही. हृदय आरामात असताना सुद्धा मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, ते धमन्यांतून जातं, त्यांच्या भिंती जाड आणि लवचिक कारण आत दाब असतो, बीपी मोजतो तो हाच दाब. पुढे केशवाहिन्या, इतक्या बारीक की लाल पेशी एकामागोमाग एक अशाच जातात, तिथे ऑक्सिजन उतरतो. तिथून शिरांत येईपर्यंत दाब जवळजवळ संपलेला असतो आणि पायातलं रक्त तर वर चढवायचं असतं. ते काम पोटरीचे स्नायू करतात. चाललं की स्नायू आवळतात, शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं, आणि खाली परत येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसलं की पोटरी गप्प, रक्त साचून राहतं. त्यात नुकतं ऑपरेशन झालेलं असेल, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, कॅन्सर असं काही असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून बस थांबली की उतरून चाला, सीटवर बसून पावलं वर खाली करा, पाणी पीत राहा

डी-२०२ (दहावी): ताई झडपा आहेत हे कळलं कसं?

सी-४०१ सिस्टरताई: झडपा आधीच कोणी कोणी पाहिल्या होत्या रे, पण त्या कशाला असतात ते विल्यम हार्वेने १६२८ च्या पुस्तकात नीट दाखवलं. दंडाला पट्टा बांधून फुगलेली शीर बोटाने दाबायची आणि रक्त कुठल्या दिशेला सरकतं ते बघायचं. बाबांच्या हातावर करून बघ, मनगटाकडे ढकललं तर जात नाही, कोपराकडे जातं

ए-१०१ काकू: माझ्या पायांवर निळ्या जाड शिरा आल्यात, म्हणजे मलापण गुठळी?

सी-४०१ सिस्टरताई: नाही काकू, तुमचं व्हेरिकोज दिसतंय. झडपा ढिल्या झाल्या की कातडीखालच्या शिरांत रक्त मागे येऊन त्या फुगतात. तुम्ही इतकी वर्षं वर्गात उभं राहून शिकवलंत, आता चवथीत ओट्यापाशी तासन् तास. मध्ये मध्ये पाय उंचावर ठेवून पडा, रोज चाला. पण घोट्याजवळ कातडी काळी पडली, खाज सुटली, जखम भरेना तर लगेच दाखवा, पावसात त्या जखमा फार चिघळतात. अशी शीर फुटून रक्त आलं तर आडवं पडायचं, पाय वर करायचा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरायचं

बी-१०२ भाऊ: आमच्या बाबांना गेटपासून देवळापर्यंत चाललं की पोटऱ्यात गोळे येतात, दोन मिनिटं थांबले की बरं. तेपण व्हेरिकोजच असणार. व्हेरिकोजसाठी घट्ट मोजे मिळतात ते त्यांना आणू का?

सी-४०१ सिस्टरताई: आणू नका भाऊ, प्लीज!! हे वेगळं आहे. चाललं की दुखतं, थांबलं की थांबतं, हे धमनी अरुंद झाल्याचं लक्षण असतं. स्नायूला जास्त रक्त लागतं ते पोचत नाही. आधीच रक्त कमी जातंय त्या पायावर घट्ट मोजे घातले तर बोटांपर्यंत जे जातंय तेपण तुटायचं. बाबांना शुगर आहे आणि सिगारेट पण ओढतात ना?

बी-१०२ भाऊ: हो, दोन्ही

सी-४०१ सिस्टरताई: मग नक्की दाखवा. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून तुलना करतात, सोपी तपासणी, दुखत नाही. आणि पाय हे एक निमित्त झालं, चरबीचा थर पायाच्या धमनीत बसला तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमनीत पण असायची बरीच शक्यता. सिगारेट सुटली तर सगळ्यात मोठा फायदा, अर्धं काम तिथेच होतं. चालणं बंद करू नका, पण आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. रोज पावलं तपासा, बोट काळंनिळं झालं किंवा पाय अचानक थंड पडून दुखायला लागला तर तासभर पण थांबू नका

बी-२०३ वहिनी: ताई, डॉपलर झालं. गुठळीच निघाली, मांडीपर्यंत आहे म्हणाले. इंजेक्शन चालू केलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या देणार. तुम्ही नसता तर मी खरंच मालिश केली असती. देव बरें करूं

ए-१०१ काकू: अरे देवा. माझंच चुकलं असतं गो. आता त्यांना खायला काय चालतं? तांबडी भाजी देऊ ना, रक्त वाढतं

सी-४०१ सिस्टरताई: गोळी कुठली त्यावर आहे काकू. वॉरफरिन असेल तर पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा जोर कमी होतो, म्हणून भाजी बंद नाही करायची पण एक दिवस ढीगभर आणि चार दिवस काहीच नाही असं पण नको, रोज साधारण तेवढीच. नव्या गोळ्यांना ते बंधन नाही. वहिनी, गोळीचं नाव कळवा. गुडघे दुखले म्हणून आईंना परस्पर पेनकिलर देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. आणि सूज उतरली म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, निदान ३ महिने तरी चालतात, पुढचं डॉक्टर ठरवतील

बी-२०३ वहिनी: हो ताई. नाव फोटो काढून पाठवते

बी-१०२ भाऊ: बाबांची उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली